“मॅडम, 25 रेफरन्स काढून देता का?”

पत्राचा सारांश: एका जिल्ह्याच्या गावी खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात या ताई सात वर्षांपासून ग्रंथपाल आहेत. त्याच आवारात नर्सिंग कॉलेजही आहे. एमबीबीएसच्या फाउंडेशन कोर्समध्ये त्यांना ‘पबमेड (वैद्यकीय संशोधन लेखांची मोफत ऑनलाइन सूची) कसं वापरावं’ यासाठी दरवर्षी दोन तास मिळतात आणि समोर 150 मुलं असतात. तीन वर्षं त्यांनी मनापासून तयारी करून शिकवलं, पण वर्षभराने विचारलं तर एकालाही काही आठवत नाही. पीजीचे रेसिडेंट सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायच्या आदल्या आठवड्यात येतात आणि 25 रेफरन्स (संदर्भ म्हणून द्यायचे पेपर) काढून मागतात. त्यांना पाठवणारे गाइडच असतात, आणि ताई यादी काढून देतात. यंदा तिघांनी चॅटजीपीटीकडून याद्या आणल्या, त्यातले निम्मे पेपर अस्तित्वातच नव्हते. हे एका विभागप्रमुखांच्या कानावर घातलं, तर ‘डॉक्टरांनी काय वाचायचं ते ग्रंथालयाने सांगू नये’ असं उत्तर आलं. ताई विचारतात: मुलांना शिकायची इच्छाच नसेल तर शिकवत राहावं का? याद्या काढून देणं बंद करावं का? गूगल आणि एआयवर बंदी मागावी का? आणि डॉक्टरांना शिकवण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

ताई, नमस्कार.

‘मुलांना इच्छाच नाही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य आधी घेते, कारण बाकीचे तिन्ही प्रश्न त्यातूनच उगवले आहेत असं मला वाटतं.

फाउंडेशन कोर्समधली ती 150 मुलं डोळ्यांपुढे आणा. नीटचा अभ्यास संपवून नुकतीच आलेली, हॉस्टेलची खोली अजून लागायची आहे, एकही पेशंट पाहिलेला नाही. त्यांच्याकडे शोधण्यासारखं काय आहे? तुम्ही त्यांना पबमेडचा शोधचौकोन दाखवता, फिल्टर दाखवता, शब्द जोडणारे ‘अँड’ (दोन्ही हवेत) आणि ‘ऑर’ (कोणताही चालेल) दाखवता. पण त्या चौकोनात टाकायला त्यांच्याजवळ स्वतःचा प्रश्न नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरं, पण तहानच लागलेली नसताना पाजलेलं पाणी कुणाच्या लक्षात राहतं? ती मुलं विसरली, याचा दोष त्यांच्यावर ठेवू नका आणि स्वतःवरही ठेवू नका. वेळ चुकली आहे, आणि ती तुम्ही ठरवलेली नाही.

आता सिनॉप्सिसच्या आदल्या आठवड्यातला रेसिडेंट पाहा. ओपीडी, वॉर्ड, इमर्जन्सी उरकून तो रात्री साडेआठला तुमच्या टेबलाशी येतो. तुम्हाला तो आळशी वाटतो. मला मात्र पाच वर्षांत पहिल्यांदाच प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी दिसतो. प्रश्न त्याला नीट मांडता येत नाही, त्याच्या लेखी त्याचं नाव ‘25 रेफरन्स’ आहे, पण तो दारात उभा आहे. तुमचा खरा वर्ग हा आहे, ताई.

मी स्वतः 31 वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात काढली. सुरुवातीला आमच्याकडे इंडेक्स मेडिकसचे जाडजूड खंड असत. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 मध्ये सुरू केलेली वैद्यकीय लेखांची ही सूची 2004 पर्यंत छापील निघत होती. ती वापरायला किचकट होती, अक्षर बारीक होतं. पण तिच्यात एक गोष्ट होती जी मला आज फार मोलाची वाटते. खंड उघडण्यापूर्वीच तो तुम्हाला विचारायचा, ‘कोणत्या शब्दाखाली पाहू?’ विषयशीर्षक ठरवल्याशिवाय पान सापडायचं नाही. डॉक्टर माझ्यासमोर उभे राहून विचार करायचे, की मला ‘हृदय’ हवंय, की ‘हृदयाचा झटका’, की ‘झटक्यानंतरचं ॲस्पिरिन’. पबमेड 1997 पासून सगळ्यांना मोफत झालं, आणि ते किती मोठं वरदान आहे हे आमच्या पिढीइतकं कुणाला कळणार? आज तिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पण तो पांढरा चौकोन काहीच विचारत नाही. काहीही टाका, तो काहीतरी देतोच. पूर्वी तो खंड जो प्रश्न विचारायचा, तो आता तुम्हाला विचारावा लागणार आहे.

म्हणून पहिली सूचना: संगणक बंद ठेवून सुरुवात करा. रेसिडेंटला एक कोरा कागद द्या आणि म्हणा, “कोणत्या पेशंटबद्दल विचारताय? त्यांना काय देणार किंवा काय करणार? कशाशी तुलना? आणि काय बदलेल अशी अपेक्षा?” ही चौकट ‘पिको’ म्हणून तुम्हाला माहीत आहेच. ती फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका, गप्पांतून काढून घ्या. दहा मिनिटांत ‘डायबेटिसवर काहीतरी’ याचं ‘टाइप 2 डायबेटिस असलेल्या पेशंटना पायाची काळजी घ्यायला शिकवलं, तर पायाच्या जखमा कमी होतात का’ असं काही होतं. हे झालं की निम्मं काम झालं.

पुढे शब्द. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक शोध इथेच फसतात आणि बहुतेक वर्गांत यावरच सर्वांत कमी वेळ जातो.

वर्गात घ्यायला माझं आवडतं उदाहरण विंचवाचं आहे. कोकणात लाल विंचू चावणं म्हणजे काय हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर आयुष्य घालवलं. विंचूदंशात प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो हे त्यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, आणि 2011 मध्ये ‘बीएमजे’मध्ये त्यांची आरसीटी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेली चाचणी) आली. नुसतं प्राझोसिन, की प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस, अशी त्यात तुलना होती. दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातून जगभरातल्या डॉक्टरांपर्यंत पोचलेलं हे काम आहे. मुलांना विचारा, “समजा तुम्ही पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहात, रात्री विंचू चावलेला पेशंट आलाय, आणि हे काम तुम्हाला शोधून काढायचंय. काय टाइप कराल?”

सगळे सांगतील, ‘स्कॉर्पियन बाइट’. इथेच थांबा. साप चावतो, विंचू नांगी मारतो, म्हणून इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘स्टिंग’ लिहिलेलं असतं. कुणी ‘एन्व्हेनोमेशन’ लिहितं, कुणी ‘एन्व्हेनोमिंग’. प्रतिलशीलाही ‘अँटिव्हेनम’ आणि ‘अँटिव्हेनिन’ अशी दोन नावं आहेत. फुप्फुसात पाणी साठणं, म्हणजे ‘इडीमा’, ब्रिटिश जर्नलमध्ये ‘ओ’ लावून लिहितात, अमेरिकन जर्नलमध्ये ‘ओ’शिवाय. आणि सर्वांत गमतीचं म्हणजे आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नावच बदलत गेलं आहे: जुन्या पेपरांत ‘ब्युथस टॅम्युलस’, नंतर ‘मेसोब्युथस टॅम्युलस’, आता ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’. विंचू तोच, अंगणही तेच. पण जो फक्त आजचं नाव टाकेल त्याच्या हातून चाळीस वर्षांपूर्वीचं काम निसटू शकतं. आपण शोधतो ते शब्द आपले असतात आणि पेपर लिहिले जातात दुसऱ्याच्या शब्दांत, हे मुलांना इथे आपोआप कळतं. ते फळ्यावर लिहून द्यावं लागत नाही.

नर्सिंगच्या मुलींसाठी याच जातीचं उदाहरण म्हणजे पाठीच्या जखमा. वॉर्डात आपण ‘बेडसोअर’ म्हणतो. पुस्तकात ‘डेक्युबिटस अल्सर’ असतं, मेशमधलं (पबमेडच्या ठरलेल्या विषयशीर्षकांच्या सूचीतलं) शीर्षक ‘प्रेशर अल्सर’ आहे, आणि 2016 नंतर अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने ‘प्रेशर इंज्युरी’ म्हणायला सुरुवात केली. चारही नावं ‘ऑर’ने जोडून दाखवा, आणि प्रत्येक शब्द वाढवल्यावर निकालांचा आकडा किती वाढतो ते मुलींनाच वहीत लिहू द्या.

मेश समजावायचं तेव्हाही हाच धागा धरा. 1960 पासून चालत आलेली ती शब्दसूची म्हणजे, पेपर कोणत्याही शब्दांत लिहिलेला असो, त्याला एका ठरलेल्या शीर्षकाखाली ठेवायची सोय. मात्र दोन गोष्टी आवर्जून सांगा. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला मेश शीर्षक नसतं, अगदी ताज्या नोंदींना तर बरेचदा नसतंच. आणि 2022 पासून शीर्षकं लावायचं काम यंत्राकडे गेलं आहे, त्यामुळे त्यात चुकाही असतात. म्हणून मेश आणि साधे शब्द, दोन्ही ‘ऑर’ने जोडून वापरायचे. शब्दाच्या मूळ रूपापुढे तारका (*) लावली, म्हणजे ‘एन्व्हेनोम’पुढे ती दिली, की त्याची सगळी रूपं एकदम येतात. हे मुलांना जादूसारखं वाटतं, वाटू द्या. ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘सर्च डिटेल्स’ उघडून पबमेडने आपल्या शब्दांचा काय अर्थ लावला हे वाचायची सवयही तिथेच लागते.

‘नॉट’ मात्र जपून. ‘विंचू हवा, साप नको’ म्हणून कुणी ‘नॉट स्नेक’ लिहिलं, तर साप आणि विंचू दोन्हींबद्दल बोलणारे पेपरही उडून जातात, आणि ग्रामीण रुग्णालयातले बरेच पेपर नेमके तसे असतात. शिवाय कागदावर लिहिलेले पिकोचे चारही भाग एकदम शोधात टाकायची घाई नको. आधी दोन टाका, काय येतं पाहा. परिणामाचा शब्द लेखकाने ॲबस्ट्रॅक्टमध्ये (पेपरच्या सारांशात) लिहिलेलाच असेल असं नाही.

आता गाइडच्या त्या सूचनेकडे येते, जी तुम्हीही शंभरदा ऐकली असेल: ‘शेवटच्या पाच वर्षांतलेच घ्या.’ 2001 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्ससारख्या नावाजलेल्या संस्थेत दम्यावर एक संशोधन चाललं होतं. निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे देत होते. त्यांच्यातली एक 24 वर्षांची तरुणी, त्याच संस्थेच्या दमा केंद्रात तंत्रज्ञ, औषध घेतल्यानंतर महिन्याभरात 2 जूनला वारली. तिच्या फुप्फुसांनी काम करणं सोडलं होतं. संशोधकाने आधी शोध घेतला होता, पबमेडही पाहिलं होतं. पण तेव्हा पबमेड 1966 च्या मागे जात नव्हतं, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे पेपर 1950 च्या दशकातले होते. ते छापलेले होते, ग्रंथालयांच्या कपाटात होते. जुलैमध्ये अमेरिकी सरकारने त्या संस्थेतलं सरकारी पैशावरचं जवळपास सगळं मानवी संशोधन काही दिवस थांबवलं.

ही घटना मी दर बॅचला सांगायचे, आणि दर वेळी वर्ग गप्प व्हायचा. साहित्याचा शोध थिसिसचं दुसरं प्रकरण भरण्यापुरता असतो असं ज्याला वाटतं, त्याला ती सांगावीच. आज पबमेडमध्ये 1940 च्या दशकापर्यंतच्या नोंदी आहेत, तरी ‘पाच वर्षं’ या फिल्टरवर बोट पडलं की त्या सगळ्या पुन्हा कपाटात जातात. आजारावरचे ताजे उपचार शोधताना पाच-दहा वर्षांची मर्यादा ठीक आहे. जुन्या औषधाचे दुष्परिणाम, दुर्मीळ आजार किंवा एखाद्या कल्पनेचं मूळ शोधताना ती लावू नये. गाइडना थेट ‘तुमचं चुकलं’ म्हणायची गरज नाही. रेसिडेंटसमोर दोन्ही शोध करून दाखवा, बाकीचं तो स्वतःच गाइडना सांगेल.

याद्या काढून देणं बंद करावं का? बंद करू नका, ताई. निदान एकदम तर नाहीच. तुम्ही नाही म्हणालात तर तो मुलगा चॅटजीपीटीकडे जाईल, किंवा सीनियरच्या थिसिसमधून उतरवेल. पण आज ज्या पद्धतीने देता तीही सोडा. मी अनेक वर्षं अशाच याद्या काढून दिल्या. मुलं खूश, गाइड खूश, मलाही आपण उपयोगी पडतोय असं वाटायचं. एकदा एक रेसिडेंट परीक्षेनंतर मला भेटायला आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच्या थिसिसमधला एक संदर्भ काढून विचारलं होतं, “याचा निष्कर्ष तर तुमच्या उलट आहे, तुम्ही तो पाठिंब्यासाठी कसा दिलात?” त्याने तो पेपर वाचलाच नव्हता. यादी माझी होती. ॲबस्ट्रॅक्टचे दोन शब्द पाहून तो मी निवडला होता. तो मुलगा मला काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून मी एकट्याने यादी काढली नाही.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. रेसिडेंटला माझ्या खुर्चीत बसवायचे आणि माऊस त्याच्या हातात द्यायचे. मी बाजूला बसून फक्त विचारायचे, “आता दुसरा शब्द कोणता?”, “हे 1,400 निकाल वाचणार का?”, “हा का निवडला?” वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एकट्याने यादी काढायला मला जेवढा वेळ लागायचा, त्याहून थोडाच जास्त. त्याला 25 ऐवजी 11 च मिळाले तरी ते त्याचे असायचे. निघताना शोध त्याच्याच मोफत खात्यात जपून ठेवायला लावायचा, म्हणजे त्या विषयावर नवा पेपर आला की ईमेल येतं आणि दोन वर्षांनी थिसिस लिहिताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

एक पानाचा कागदही करा. त्यावर प्रश्न, वापरलेले शब्द, कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, किती सापडले, किती ठेवले आणि का, एवढंच. तुमच्या एथिक्स कमिटीच्या सचिवांना किंवा पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) एखाद्या मॅडमना भेटून विचारा, सिनॉप्सिसला हे पान जोडायची पद्धत सुरू करता येईल का. ग्रंथालयाने सुचवलं तर ‘सूचना’ राहते, कमिटीने मागितलं तर काम होतं. पीजींना आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स करावाच लागतो. साहित्यशोधाचा भाग त्यातही आहे. तो कोर्स करतानाच तुमच्याकडे एक बैठक ठेवता आली, तर त्याला शिकण्याचं कारण आणि शिकण्याची जागा एकत्र मिळेल.

फाउंडेशन कोर्सचे ते दोन तास परत करू नका, पण वाटून मागा. तिथे अर्धा तास पुरे: ग्रंथालय कुठे आहे, मी कोण आहे, आणि विंचवाची गोष्ट. उरलेला दीड तास तीन तुकड्यांत घ्या. एक तुकडा आयसीएमआरच्या विद्यार्थी संशोधन योजनेसाठी, म्हणजे एसटीएससाठी, अर्ज करणाऱ्या मुलांना. ही दहा-पंधराच असतील, पण प्रश्न घेऊन येतील. दुसरा इंटर्नना. तिसरा पीजींना, प्रवेशानंतर आणि विषय ठरायच्या आधी. प्राचार्यांना वेळापत्रक हलवायला जड जाईल. तरीही विचारा, कारण तुम्ही जास्त तास मागत नाही आहात.

गूगलवर बंदी मागू नका. आपल्याकडची अनेक जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या मुख्य निवडक भागात, नाहीत. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यातलं ॲनिमियाचं प्रमाण शोधायचं असेल तर गूगल स्कॉलर लागतंच, शोधगंगावरचे प्रबंध लागतात, जागतिक आरोग्य संघटनेची ग्लोबल इंडेक्स मेडिकस लागते. फक्त मुलांना हे सांगा की गूगल स्कॉलरवर आज केलेला शोध उद्या तसाच्या तसा पुन्हा करता येईलच असं नाही. म्हणून थिसिसचा मुख्य शोध पबमेडवर आणि भर गूगलवर. भारतात आधीच कुणी तसं संशोधन करतंय का, हे पाहायला सीटीआरआय ही आपली चाचण्यांची नोंदवही आहे. ती 2007 पासून आहे आणि तिच्यात शोधायची सवय फारच थोड्यांना असते.

चॅटजीपीटीचं जरा वेगळं आहे. तिघांच्या याद्यांतले खोटे पेपर तुम्ही ओळखलेत, ते योग्यच. पण त्या याद्या फेकू नका, त्या तुमच्या पुढच्या वर्गाचं साहित्य आहेत. प्रत्येकाला त्यातला एक संदर्भ द्या आणि म्हणा, पाच मिनिटांत हा पेपर शोधून दाखवा. शीर्षक जसंच्या तसं पबमेडमध्ये टाका, डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) उघडून पाहा, पबमेडच्याच ‘सिंगल सायटेशन मॅचर’मध्ये जर्नल, वर्ष आणि पान भरा. मुलांना स्वतः दिसेल की लेखक खरे आहेत, जर्नल खरं आहे, वर्षही पटण्यासारखं आहे, आणि पेपर मात्र नाही. मी दहा वेळा सांगण्यापेक्षा त्या पाच मिनिटांचा परिणाम मोठा असतो. याहून अवघड प्रकार म्हणजे पेपर खरा, पण यंत्राने सांगितलेला निष्कर्ष त्यात नाही. तिथे वाचण्याला पर्याय नाही. एका कामासाठी मात्र मी हे साधन वापरू देईन. ‘या आजाराला आणखी कोणकोणत्या नावांनी लिहितात’ असं विचारायला. आलेली नावं मेशमध्ये ताडून घ्यायची. पेशंटची माहिती त्यात टाकायची नाही, हे मात्र पहिल्याच वाक्यात बजावा.

पेपर सापडला की तो मागे घेतलेला नाही ना, हे पाहायलाही शिकवा. कोविडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दलचा एक मोठा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. पबमेडच्या नोंदीवर तशी ठळक सूचना असते. पण जो मित्राने पाठवलेल्या पीडीएफवरून काम करतो, त्याला ती दिसत नाही.

फुल टेक्स्टबद्दल, म्हणजे पूर्ण पेपर मिळण्याबद्दल, तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्यासारख्या अनेकींची ती अडचण आहे म्हणून थोडं सांगते. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल आहेत, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. खाजगी महाविद्यालय त्यात येत नाही. तुमच्या जिल्ह्यात सरकारी महाविद्यालय असेल तर तिथल्या ग्रंथपालांशी ओळख ठेवा, तिथे बसून वाचू देतील का ते विचारून पाहा. पबमेड सेंट्रलवरचे पेपर सगळ्यांना मोफत आहेत. मुंबईच्या केईएममधून 1955 पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ही मोफत वाचता येतं. आणि लेखकाला दोन ओळींचं नम्र ईमेल लिहायला मुलांना शिकवा. बरेच लेखक आनंदाने पेपर पाठवतात.

शेवटी अधिकाराचा प्रश्न. विभागप्रमुखांचं वाक्य तुम्हाला लागलं, ते पत्रातून कळतं. पण त्यांनी जे म्हटलं आणि तुम्ही जे करता, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय वाचायचं, त्यावरून पेशंटला काय द्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. जे वाचायला हवं ते त्यांच्यापर्यंत पोचतंय का, हे पाहणं मात्र आपलं शास्त्र आहे. 1971 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना वॉर्डाच्या राउंडवर पाठवायला सुरुवात केली. तेव्हापासून ‘क्लिनिकल लायब्ररियन’ हे पद जगात रूढ झालं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन पद्धतशीर गोळा करून घेतलेला आढावा) कसे करावेत यासाठी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये निकष काढले, त्यांत शोधाची आखणी ग्रंथपाल किंवा माहितीतज्ज्ञाबरोबर करावी असं स्पष्ट म्हटलं आहे. हे तुम्ही विभागप्रमुखांना वाचून दाखवू नका. तुम्हाला स्वतःला माहीत असावं एवढ्यासाठी लिहिलं.

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा, तुमच्या बाजूचा एक शिक्षक शोधा. प्रत्येक महाविद्यालयात असा एखादा असतोच, जो जर्नल क्लब (एखादा पेपर वाचून त्यावर चर्चा करायची बैठक) मनापासून घेतो. पीएसएममध्ये असेल, बालरोगमध्ये असेल, नर्सिंगच्या एखाद्या सिस्टर ट्यूटर असतील. त्यांना म्हणा, “पुढच्या जर्नल क्लबमध्ये पेपर सादर करण्याआधी दहा मिनिटं मला द्या. हा पेपर कसा सापडला आणि शोधात आणखी काय आलं असतं, एवढंच दाखवते.” प्रश्न त्यांच्या वॉर्डातला, शोध तुमचा. पेशंटबद्दल बोलताना ते पुढे असतील, शब्दांबद्दल बोलताना तुम्ही. दोघं एकत्र उभे असलेले मुलांनी पाहिले, की अधिकाराचा प्रश्न ती विचारतच नाहीत.

आणि काही टिकतंय का हे पाहायला वर्षाच्या शेवटी परीक्षा घेऊ नका. त्या एकपानी कागदांची फाइल ठेवा. सहा महिन्यांनी तोच रेसिडेंट दुसऱ्या कामासाठी येईल, तेव्हाचा कागद पहिल्याशेजारी ठेवा. शब्द वाढलेत का, ‘पाच वर्षं’ फिल्टर लावण्याआधी तो थांबला का, निवडीचं कारण स्वतःच्या भाषेत लिहिलंय का, हे बघा.

या वर्षीचे सिनॉप्सिस जवळ आले असतील. त्यातल्या एकाला या आठवड्यात तुमच्या खुर्चीत बसवा, आणि त्याचा प्रश्न कोणता निघाला ते मला कळवा.